नैवेद्याचे पान आणि गावचे शिवार



सणासुदीच्या पदार्थांचा विषय निघाला की बोलणे बहुधा चवीपाशी सुरू होते आणि चवीपाशीच संपते. कोणाच्या घरची पुरणपोळी मऊ, कोणत्या गावची चकली खुसखुशीत, मोदकाला कळ्या किती, याची चर्चा रंगते आणि ती रंगावी हेही योग्यच आहे. परंतु या व्याख्यानात मांडायचे आहे ते याच्या थोडे मागे जाऊन. सणाचा पदार्थ म्हणजे त्या महिन्यात त्या गावच्या शिवाराने काय दिले याची नोंद होय, आणि शिवार म्हणजे गावाभोवतीची सगळी कसलेली जमीन. ही नोंद तलाठ्याच्या दप्तरात सापडत नाही, ती नैवेद्याच्या पानावर सापडते. पान वाचता आले तर पीक कोणते, पाऊस कसा, बैल कोणाचे, चूल कशी आणि राबले कोण, हे सारे त्यातून कळते. मग प्रश्न असा पडतो की आज हे पान कितीजणांना वाचता येते?

प्रथम काळाचा विचार करू. चैत्रात कडुनिंबाला मोहर येतो आणि पाडव्याच्या सकाळी तोच कोवळ्या पानांसह गूळ, हिंग, ओवा यांच्याबरोबर वाटून खाल्ला जातो. त्याच महिन्यात कैऱ्या बाजारात येतात आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी घातलेली वाटली डाळ व पन्हे होते. पौषात पावटा, सोलाणे, गाजर, वांगी, बोरे, ऊस, तीळ अशी हिवाळ्याची सारी आवक एकाच भांड्यात येते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ही भोगीची मिसळ भाजी आणि तिच्यासोबतची तीळ लावलेली बाजरीची भाकरी या दोन्ही गोष्टी शरीराला ऊब देणाऱ्या आहेत. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण देशावरच्या थंडीतूनच जन्मली. येथपर्यंतची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे तिच्यावर अधिक वेळ खर्च करण्याचे कारण नाही.

अधिक वेळ द्यायला हवा तो एका पानाला. कोकणात आणि गोव्यात नागपंचमीला पातोळ्या होतात. तांदळाच्या पिठाचा सरसरीत लेप हळदीच्या पानावर बोटांनी पसरायचा, त्यावर गूळ-खोबऱ्याचे चूण ठेवायचे, पान मधल्या शिरेवर उभे दुमडायचे आणि वाफवायचे, अशी ही कृती आहे. वाफ पानात शिरली की पानातले सुगंधी तेल पिठात उतरते, आणि उकडल्यावर पान सोलून काढले म्हणजे त्याच्या शिरांचे ठसे पांढऱ्या पातोळीवर उमटलेले दिसतात. पातोळीत वेलदोडा घातला नाही तरी चालते, पण पान बदलून चालत नाही. हे पान मिळते केव्हा? हळदीचा कंद उन्हाळ्याच्या अखेरीस लावला जातो, पावसाळ्यात त्याची पाने रुंद आणि रसरशीत होतात, हिवाळ्यात ती पिवळी पडून वाळतात आणि मग जमिनीतून हळद काढली जाते. म्हणजे पातोळीचा खरा काळ पावसाळ्याचा, श्रावण-भाद्रपदाचा. पंचांगाने तिला श्रावणात बसवले असे वाटते, प्रत्यक्षात तिला तेथे बसवले हळदीच्या रोपाने. याला पुष्टी देणारी गोष्ट अशी की, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाला याच पानात याच पातोळ्या उकडल्या जातात. धर्म बदलला, प्रार्थना बदलली, पण ऑगस्टमधले हळदीचे पान तेच राहिले.

आता दुसरा मुद्दा, जो या विषयाचा गाभा आहे, तो निषेधांचा. सणाला काय करावे हे सर्वजण सांगतात. काय करू नये, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. नागपंचमीला चिरू नये, कापू नये, तळू नये, चुलीवर तवा ठेवू नये, शेतात नांगर धरू नये. या नियमाचा परिणाम असा की त्या दिवशी जे काही गोड करायचे ते उकडूनच करावे लागते. म्हणून देशावर त्या दिवशी पुरणाची दिंडे होतात, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण घालून, तिची चौकोनी घडी करून, ती चाळणीत वाफवतात. पुरण तेच, कणीक तीच, परंतु तव्याला बंदी असल्यामुळे पोळीऐवजी दिंड. एका ‘नको’ने एक नवा पदार्थ निर्माण केला. नागाच्या बिळावर नांगर फिरू नये आणि त्याला चुलीची धग लागू नये, ही यामागची लोकसमजूत. पावसाळ्यात साप बिळाबाहेर पडतात तेव्हा माणसाने एक दिवस तरी हात आवरावा, हा तिचा व्यवहारी अर्थ.

याहून विलक्षण निषेध ऋषिपंचमीचा आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे काहीही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतले धान्य वर्ज्य असते. जे परसात, कुंपणावर, मांडवावर, हाताने खणलेल्या मातीत उगवले तेवढेच घ्यायचे. अळूची पाने, लाल माठ, भोपळा, पडवळ, दोडका, सुरण, काकडी, मक्याच्या कणसांचे तुकडे अशी ती ऋषीची भाजी, फोडणीशिवाय, मीठ-मिरची-चिंच यांवर शिजवलेली. तिच्यात तेल नसते, कारण तेलबिया शेतातल्या आणि घाणाही बैलाचाच. या नियमाच्या काटेकोरपणाकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. बैलाने पेरलेलेही नको आणि बैलाने गाळलेलेही नको, इतक्या बारकाईने हा नियम लावलेला आहे.

आणि या नियमाची जागा कोठे आहे? बहुतेक महाराष्ट्रात श्रावण अमावास्येला पोळा असतो. (सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला बैलांचा सण बेंदूर म्हणून आधीच होऊन गेलेला असतो.) पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतात, त्याच्याकडून काम घेत नाहीत आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला देतात. अमावास्येनंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. एका अमावास्येला बैलाला जेवू घालायचे आणि त्याच आठवड्यात एक दिवस त्याच्या कष्टाचे काहीच खायचे नाही, असे हे दोन सण शेजारी शेजारी उभे आहेत. ऋषिपंचमीची पारंपरिक कहाणी या व्रताचा संबंध स्त्रीच्या विटाळाशी जोडते आणि तो भाग आज स्वीकारण्याजोगा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु पानावर जे वाढले जाते ते कहाणीपेक्षा वेगळे आणि अधिक मोलाचे काही सांगते. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवले त्याच्या श्रमाचा हिशेब एक दिवस ठेवावा, असे ते सांगते. कृतज्ञतेचे इतके काटेकोर रूप क्वचितच आढळेल.

तिसरा मुद्दा प्रदेशाचा. महाराष्ट्राच्या सणाचा पदार्थ कोणता असे विचारले तर पुरणपोळी हे उत्तर येते आणि ते अर्धेच खरे आहे. हरभरा ज्या काळ्या जमिनीत पिकतो तेथे पुरण आहे, आणि नारळ-तांदूळ जेथे आहे तेथे मोदक, पातोळी, घावन-घाटले, नारळीभात आहे. सह्याद्रीची रांग ही पुरण आणि चूण यांच्यामधली सीमा होय. अर्थात सीमा ओलांडली जाते, होळीला कोकणातही पुरणपोळी होते आणि पुण्या-नागपुरात चतुर्थीला उकडीचे मोदक होतात. तरी ज्या पदार्थावर प्रदेशाचा खरा जीव आहे तो कोणता, हे जमीनच ठरवते.

पुरणाचाही एकच प्रकार नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि घरोघर खापरावरचे मांडे होतात. गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करून इतके सैल आणि चिवट भिजवतात की ते हाताला न चिकटता लोंबावे. त्याच्या गोळ्यात पुरण भरून तो थोडा थापला की लाटण्याचे काम संपते आणि हातांचे सुरू होते. दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर तो मांडा या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवला जातो आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरला जातो. भाजला की रुमालासारखी घडी. शेजारी आमरस. या कृतीत मोजमाप कोठे आहे? पाणी किती, तिंबायचे किती वेळ, खापर कितपत तापले, याची उत्तरे पाककृतींच्या पुस्तकात देता येत नाहीत, कारण ती मनगटात असतात. मांड्यांचे वयही लहान नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात भोजनाच्या प्रकरणात ‘मंडक’ येतो. मुक्ताईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा वारकरी परंपरेने जपली आहे आणि मनातले मांडे तर मराठी माणूस रोजच खातो.

मराठवाड्याच्या दक्षिण भागात, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत, असा एक सण आहे ज्याची पुण्या-मुंबईत पुरेशी माहिती नाही, आणि या व्याख्यानात त्याला मानाची जागा देणे आवश्यक वाटते. मार्गशीर्ष अमावास्येची ही वेळ अमावास्या, बोलीत येळवस. सीमेपलीकडच्या कर्नाटकात हीच एळ्ळु अमावास्या असते आणि कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी गावे ओस पडतात, कारण सारा गाव शेतात असतो. लातूर जिल्ह्यात या दिवशी प्रशासन स्थानिक सुटी देते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. सोबत आणलेल्या बिंदग्यात, म्हणजे मातीच्या घागरीवजा भांड्यात, अंबील असते. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून केलेले ते पातळ पेय होय.

आणि भज्जी. हा शब्द ऐकून तळलेली भजी डोळ्यांपुढे आणू नयेत. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे आणि हाताशी येईल तो पाला यांना आंबट पाण्यात शिजवून बेसन लावलेली ही दाट मिसळ भाजी आहे. तिच्यासोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, आंबट भात. डिसेंबर-जानेवारीच्या त्या दिवसांत रब्बीची ज्वारी उभी असते, तूर भरलेली असते, हरभरा घाट्यांनी लगडलेला असतो, आणि पानावरचा जवळजवळ प्रत्येक दाणा त्या पानापासून हाकेच्या अंतरावर उभा असतो. ज्यांना शेत नाही त्यांना शेतकरी आग्रहाने बोलावतात, वाटसरूलाही बसवून घेतात. नैवेद्य आणि शिवार यांत अंतरच उरत नाही, असा हा सण आहे. महाराष्ट्राच्या सणांच्या यादीत तो तळटीपेत जावा, याहून मोठा अन्याय या विषयात दुसरा नाही.

इतर प्रदेशांचा धावता उल्लेख करून पुढे जाता येईल. चातुर्मासात अनेक घरांत वर्ज्य असलेले वांगे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन परत येते, सोबत गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला जाड रोडगा असतो. हे दिवस चांगल्या भरिताच्या वांग्याचे असतात, हे जळगावकरांना सांगायला नको. गोव्यात नरकचतुर्दशीची सकाळ फराळाच्या ताटाने उजाडत नाही, ती पोह्यांनी उजाडते. दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले असे नव्या भाताच्या पोह्यांचे प्रकार त्या दिवशी पानात येतात. दिवाळी हा कोकणपट्टीत नव्या भाताचा सण आहे, बेसनाच्या लाडवाचा नंतर.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. सणाचे अन्न जमिनीशी इतके बांधलेले असेल, तर एकादशीच्या पानाचे काय? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे, हिरवी मिरची, राजगिरा. आषाढी एकादशीला ज्या या पदार्थांना कोणीही आक्षेप घेत नाही, त्यांतला प्रत्येक मुळात अमेरिका खंडातला आहे. १४९८ साली पोर्तुगीज जहाजे कालिकतला लागली, त्यानंतरच्या समुद्रव्यापारातून ही पिके टप्प्याटप्प्याने इकडे पोहोचली. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा कंदही तिकडचाच, आणि त्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग तामिळनाडूतल्या सेलम परिसरात विसाव्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात उभा राहिला. म्हणजे साबुदाण्याची खिचडी ज्या रूपात आज उपासाची राणी आहे, त्या रूपात ती विठोबाच्या वारीपेक्षा कितीतरी लहान आहे.

मग ही परंपरा खोटी ठरते का? मुळीच नाही. उपासाचा नियम ‘नेहमीचे धान्य नको’ असा आहे. हे पाहुणे कंद, शेंगा आणि बिया धान्याच्या जुन्या यादीत नव्हते, म्हणून त्यांना दार उघडे मिळाले, असे मानणे सयुक्तिक आहे. नियम जुना, पीक नवे. परंपरा तत्त्व धरून ठेवते आणि वस्तू बदलू देते, याचा इतका सुंदर पुरावा दुसरा मिळणार नाही. मात्र या व्यवहारात एक हानीही झाली, आणि ती सांगितली पाहिजे. वरी, म्हणजे भगर, हे डोंगरउतारावर येणारे बारीक भरडधान्य आणि शिंगाडा हे तळ्यातले फळ, हे उपासाचे जुने मानकरी आता पानाच्या कडेला सरकले आहेत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. महाराष्ट्रातल्या उपासाच्या पानाला वरी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

आता जे सांगायचे आहे ते सणाच्या विषयात सहसा सांगितले जात नाही. पान कोणी मांडले आणि पान कोणापर्यंत पोहोचले? भाद्रपदातल्या तीन दिवसांकडे पाहावे. तृतीयेला हरतालिकेचा कडक उपास, चतुर्थीला एकवीस मोदक आणि घरभर माणसे, पंचमीला ऋषींचा उपास. उपास करणारी स्त्री आणि मोदकाची उकड मळणारी स्त्री एकच असते. उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर पारी चिरते, म्हणून बोटे पाण्यात बुडवत ती चटके सोसते. मोदक करून उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरे, मीठ घालून ती निवगऱ्या थापते आणि पुष्कळदा तिच्या वाट्याला त्याच निवगऱ्या येतात. या कौशल्याला कला म्हणण्यात सर्वांचे एकमत होते. ते श्रम आहेत, हे म्हणायला मात्र फार वेळ लागला.

सणाच्या पानाभोवती जातीची रांगही होती. बलुतेदारीत, म्हणजे गावाची कामे करणाऱ्यांना पिकाचा व अन्नाचा वाटा देण्याच्या जुन्या पद्धतीत, सणाचे अन्न काहींना सन्मानाने आणि काहींना दारात उभे करून, उरलेले म्हणून मिळे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे आणि मागून आणलेले अन्न सोडून देण्याचे आवाहन केले, ते या पार्श्वभूमीवर. पुरणपोळीचा इतिहास लिहिणाऱ्याने हे आवाहनही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे. तसेच, सणाचा नैवेद्य म्हणजे शाकाहारच, ही समजूतही काही थोड्या घरांवरून संपूर्ण समाजावर पसरवलेली आहे. कोकण किनाऱ्यावर अनेक समाजांत गौरीला चिंबोऱ्यांचे किंवा कोंबडी-वड्यांचे पान दाखवले जाते. ती गौर माहेरवाशीण आहे आणि माहेरवाशिणीला घरात जे उत्तम ते वाढतात. यात कमीपणा कसला?

शेवटचा मुद्दा आजचा. श्रीखंड बारा महिने मिळते, मोदक खव्याचा मिळतो, पुरणपोळी पाकिटात मिळते आणि परदेशी राहणाऱ्या मुलांना फराळाचा डबा ऑक्टोबरातच रवाना होतो. याबद्दल केवळ हळहळ व्यक्त करणे योग्य नव्हे. बचत गटातल्या अनेक स्त्रियांना याच पोळ्यांनी आणि मोदकांनी स्वतःच्या नावावर पैसा मिळवून दिला आहे, आणि ज्या श्रमाला घरात किंमत नव्हती त्याला बाजारात ती मिळाली, हे चांगलेच झाले. चिंता वेगळी आहे. पदार्थ शिल्लक राहतो आणि त्याच्यामागचे पीक निघून जाते, ही ती चिंता. मोदकाला सुवासिक तांदूळ लागे, म्हणून एखाद्या वाफ्यात तरी तो पेरला जाई. सण होता म्हणून बियाणे होते. आजरा घनसाळ आणि मुळशीचा आंबेमोहर या तांदळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे विशिष्ट भागात पिकणारा माल म्हणून त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. परंतु मानांकनाने नाव वाचते. वाण तेव्हाच वाचते जेव्हा कोणीतरी ते मागते आणि शिजवते. तयार मोदकपिठाच्या पुडीवर तांदळाच्या जातीचे नाव आहे की नाही, हे पाहण्याची सवय किती घरांना आहे?

म्हणून श्रोत्यांना दोन विनंत्या आहेत, दोन्ही लहान. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून सणाच्या पदार्थाची कृती विचारून घ्यावीच, पण त्याबरोबर धान्य कोणत्या जातीचे होते आणि ते कोठून येत असे, हेही लिहून ठेवावे. कृतीच्या वह्या अनेक घरांत आहेत, वाणांची नावे बहुतेक वह्यांत नाहीत. आणि येत्या अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळदीचा एक ओला कंद अंगणात, नाहीतर गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत लावावा. पाऊस सुरू होताच तो जोमाने वाढतो आणि नागपंचमीपर्यंत त्याचे पान पातोळीजोगे रुंद झालेले असते.